गळ्यातला स्वर आणि आकड्यांची पेटी

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या बाजूच्या पुष्कळ घरांतून जुन्या कॅसेटींचा एखादा डबा अद्याप जपून ठेवलेला आढळतो. एखाद्या बैठकीचे गाणे, गुरुजींनी शिकवणीच्या वेळी सांगितलेली चीज, आजीची भूपाळी, असा ऐवज त्यांत असतो. घरातील तरुण मंडळी तो संगणकावर उतरवतात, आणि मग एक मोह उत्पन्न होतो : या ध्वनीचे ‘मिडी’त रूपांतर करावे, म्हणजे स्वर आयते हाती येतील आणि पेटीवर वाजवताही येतील. हा मोह कोठवर सफल होतो हे कळण्यासाठी मिडी म्हणजे काय, ते प्रथम पाहिले पाहिजे.

मिडी हा ध्वनी नव्हे. निरनिराळ्या कारखान्यांची विद्युत्‌वाद्ये एकमेकांस जोडता यावीत म्हणून १९८३ साली प्रचारात आलेली ती एक सांकेतिक भाषा आहे. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच ती मुख्यत्वे सांगते. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. सेकंदास ४४० कंपने होणाऱ्या स्वराचा क्रमांक ६९. तेथून दर अर्ध्या स्वरास एक अंक वर किंवा खाली. म्हणजे ही भाषा पेटीवाल्याची आहे, गवयाची नव्हे.

नभोवाणीच्या श्रोत्यांस हा वाद अपरिचित नाही. आपल्या गायनाला पेटीचे ठराविक स्वर मानवत नाहीत, या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला मज्जाव केला, आणि तो १९७१ साली सैल होईपर्यंत टिकला. पेटीवर हा अन्यायच झाला असे म्हणणारेही थोडे नाहीत. उत्तम साथीदाराच्या हाती पेटी किती बोलकी होते हे सर्वांनी ऐकले आहे. परंतु आक्षेपाचे मूळ खोटे नव्हते.

दरबारी कानड्याचा कोमल गंधार घ्या. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे मिडीच्या हिशेबाने ४९ क्रमांकाचा आहे असे समजू. मग ऋषभ ५१ आणि कोमल गंधार ५२ झाला. पण दरबारीत गवई गंधारावर नुसता उभा राहत नाही. ऋषभाच्या अंगाने वर येऊन तो स्वर संथपणे आंदोलित करतो. यंत्रापुढे दोनच खणे. ते एक तर सरळ ५२ लिहून मोकळे होते, नाही तर ५१, ५२, ५१, ५२ अशी ठिणग्यांची माळ लावते. दोन्ही वाजवून पाहावे. दरबारी त्यांत सापडत नाही. भैरवाच्या ऋषभाचीही हीच गत होते.

खणे पाडण्याच्या आधीचे काम मात्र यंत्राने फार चांगले साधले आहे. पवईच्या आय.आय.टी.त प्रा. प्रीती राव आणि त्यांचे सहकारी पुष्कळ वर्षे याच विषयावर काम करीत आले आहेत. ध्वनीचे अगदी बारीक तुकडे करावयाचे, प्रत्येकातील कंपनांची आवृत्ती मोजावयाची, आणि त्यांतून गळ्याची वाट काढावयाची. हे सोपे नाही. मागे तंबोरा अखंड झंकारत असतो, पेटी गायकाच्या पाठोपाठ त्याच स्वरांवर फिरते, आणि तबल्याचा दायाँ स्वतःच स्वरात मिळवलेला असतो. तंबोऱ्याचा एक उपकारही आहे : तो सर्व काळ षड्ज धरून असल्यामुळे गायकाचा षड्ज कोणता, हे यंत्रास त्यावरून ओळखता येते. आपला षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो, म्हणून ही ओळख पटल्याखेरीज ‘रे’ आणि ‘ग’ या शब्दांना अर्थच नाही.

अशा रीतीने हाती येते ती स्वरांची यादी नव्हे, तर एक अखंड वळणदार रेषा. राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र अर्थात एन.सी.पी.ए. येथे सुवर्णलता राव आणि विम व्हान डेर मीर यांनी अशाच रेषा गाण्याबरोबर पडद्यावर सरकत्या दाखविल्या. त्यांत मींड डोळ्यांना दिसते. एकच मुखडा गायकाने पुन्हा कोठे घेतला, हेही अशा रेषेवरून शोधता येते. पवईच्या मंडळींनी त्या दिशेनेही प्रयत्न केले आहेत.

ही रेषा मिडीत बसविण्यास वाट अगदीच नाही असे नाही. स्वर वाकविण्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्यांची एक खूण आहे, आणि २०२० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वर निरनिराळा वाकविता येतो. एकट्या गळ्याला पहिली सोयसुद्धा पुरते. पण मग जी सुटसुटीत स्वरलिपी हवी म्हणून हा खटाटोप केला, तीच खुणांच्या गर्दीत हरवते. शिवाय चिजेचे शब्द आणि आवाजाचा पोत तिच्यात नाहीतच.

पंडित भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो चिजा स्वरलिपीत उतरविल्या तेव्हा त्यांनाही हीच अडचण होती. त्यांनी स्वरांवर मींडेची कमान काढली, कणस्वर लहान अक्षरांत लिहिला, आणि उरलेले गुरुमुखावर सोपविले. कमान कशी चढावयाची हे पुस्तक सांगत नाही. समोर बसलेला गुरू सांगतो. जुन्या कॅसेटीत नेमके तेच सांगणे भरलेले आहे. म्हणून मिडी करावी, स्वर ताडून पाहावेत, विद्यार्थ्याला सांगाडा द्यावा. परंतु मूळ ध्वनीची प्रत न दाबता, न कापता, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. पावसाळ्यात कॅसेटीच्या फितीला बुरशी धरते, तेव्हा हे काम जूनपूर्वी उरकलेले बरे.