सोमचा देश

सोव्हिएत संघातून ३१ ऑगस्ट १९९१ रोजी किर्गिझस्तान स्वतंत्र झाला. अस्कार अकायेव हे भौतिकशास्त्रज्ञ त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष. मॉस्कोहून येणारा पैसा आटला, कारखाने बंद पडले. १० मे १९९३ रोजी २०० रूबलला एक या दराने ‘सोम’ हे स्वतःचे चलन आले. मध्य आशियात हे धाडस सर्वांत आधी याच छोट्या देशाने केले. राजधानी बिश्केकमधल्या दोर्दोय बाजाराने अनेकांना तारले. तिथे मालवाहू कंटेनर एकावर एक रचलेले असतात. खाली दुकान, वर गोदाम. चिनी माल इथूनच शेजारच्या देशांत जातो. कुमतोरच्या खाणीतले सोने आणि रशियात राबणाऱ्यांनी घरी पाठवलेले पैसे हे आणखी दोन आधार. २००५ आणि २०१० मध्ये लोकांनी राष्ट्राध्यक्षांना पळवून लावले. २०१० च्या घटनेने संसदेला बळ दिले. २०२१ च्या घटनेने मात्र सत्ता पुन्हा राष्ट्राध्यक्षांच्या हाती एकवटली.