नितळ पाण्यात काय दडलंय?

विहिरीचं पाणी नितळ आणि गोड, म्हणजे चांगलंच, असं आपण धरून चालतो. पण त्यातलं फ्लोराइड आणि नायट्रेट ना दिसतं, ना जिभेला कळतं. ते मोजतात कसं, तेच आम्ही आज सांगणार आहोत.

प्रयोगशाळेत आयन क्रोमॅटोग्राफीचं यंत्र असतं. त्यात बारीक मण्यांनी गच्च भरलेली नळी असते. तिच्यातून पाणी ढकललं की एकेक क्षार मण्यांशी कमी-जास्त रेंगाळतो. आठवडी बाजारातून कुणी सरळ एस्टी गाठते, कुणी बांगड्यांपाशी अडकते, तसंच! फ्लोराइड आधी बाहेर येतं, मग क्लोराइड, मग नायट्रेट. सल्फेट बरंच मागे. प्रत्येकाची कागदावर एक टेकडी उमटते. जेवढी टेकडी मोठी, तेवढं प्रमाण जास्त.

लिटरमागे नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत हवं, फ्लोराइड 1 च्या आत. दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. नायट्रेटचं पाणी उकळू नका: पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. त्या पाण्यात दुधाची पावडर कालवली तर तान्ह्या बाळाचे ओठ निळे पडू शकतात. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीलगत असेल तर तपासणी आधी करून घ्या, आणि अहवालात या दोन ओळी स्वतः वाचा.