खरं नाव कोणाला सांगायचं?

'तिळा तिळा, दार उघड' म्हटलं की गुहा उघडते, ही अलीबाबाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. कासीम आत जातो, सोनं पाहून त्याचं भान हरपतं आणि नेमका तीळच विसरतो! या गोष्टीतला मंत्र म्हणजे निव्वळ किल्ली. ज्याच्या कानी पडेल त्याची. मग तो चोर असो की लाकूडतोड्या.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन (१९२९-२०१८) यांनी १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत मात्र मंत्राची कल्पना पार वेगळी मांडली. अर्थसी हा बेटांचा काल्पनिक प्रदेश. तिथल्या प्रत्येक वस्तूला आदिभाषेतलं एक खरं नाव असतं. ते ठाऊक असेल, तरच तिच्यावर जादू चालते. म्हणून रोक बेटावरच्या विद्यालयातली मुलं एका एकाकी मनोऱ्यात बसून नावांच्या याद्या घोकतात. मध्यरात्री शाई उडून जाते, त्याआधी सगळं पाठ व्हायला हवं. नुसतं 'समुद्र' म्हणून भागत नाही. एकेका उपसागराचं, खडकाचं नाव हवं. घोकंपट्टीला इतकी प्रतिष्ठा दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मिळाली असेल, असं मला वाटत नाही!

खडा हिऱ्यासारखा दाखवणं सोपं, ती नजरबंदी. खराच हिरा करायचा तर त्याचं नाव बदलावं लागतं आणि त्यानं जगाचा तोल ढळू शकतो, असं गुरुजी बजावतात.

माणसांनाही खरं नाव असतं. ते शत्रूला कळलं तर संपलंच. आपल्याकडे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेत. नाव जपायचं असतं, हे आपल्याला नवं नाही. कथानायक गेड जुन्या इतिहासावरून तर्क करून एका महाकाय ड्रॅगनचं नाव उच्चारतो, आणि ड्रॅगन जागीच बांधला जातो.

पण मला त्याहून मोठा वाटतो तो आधीचा एक प्रसंग. गर्वाच्या भरात गेडनं मृतात्म्याला हाक मारलेली असते. त्यातून एक काळी सावली जगात शिरते आणि त्याचा चेहरा फाडते. महिनोन् महिने तो अंथरुणाला खिळतो. बरा होतो, पण मनानं पुरता खचलेला. अशा वेळी विद्यालय सोडून निघालेला त्याचा मित्र भेटायला येतो. जाताना, कोणी न विचारता, आपलं खरं नाव सांगतो : एस्टॅरिऑल.  मग गेडही आपलं नाव सांगतो.