पाच मिनिटं थिजलेलं स्टेशन

न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन. भर गर्दीत दोनशेहून अधिक माणसं एकाच क्षणी जागच्या जागी थिजली. कुणाचा घास तोंडाशीच राहिला. एकाच्या हातून निसटलेले कागद फरशीवर पसरलेले आणि तो उचलायला वाकलेला, तसाच. प्रवासी आधी गोंधळले, मग हळूच जवळ जाऊन निरखू लागले. स्टेशनातल्या कामगाराच्या छोट्या गाडीला पुढे जायला वाटच मिळेना. त्याने वायरलेसवर मदत मागितली! पाच मिनिटांनी सगळे जण, जणू काही घडलंच नाही अशा थाटात, चालू लागले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

हा खेळ ‘इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर’चा. चार्ली टॉड यांनी २००१ मध्ये ही मंडळी जमवली. अनोळखी माणसाची फजिती करायची नाही, त्याला घरी जाऊन सांगावीशी वाटेल अशी गंमत द्यायची, हे त्यांचं पथ्य मला फार मोलाचं वाटतं.

मुंबईत २७ नोव्हेंबर २०११ रोजी सीएसटीवर सुमारे दोनशे जण ‘रंग दे बसंती’च्या गाण्यावर अचानक नाचले, तोही याच जातकुळीतला आनंद.

ग्रँड सेंट्रलचा व्हिडिओ यूट्यूबवर आहे. थिजलेल्यांपेक्षा भोवतीच्या प्रवाशांचे चेहरे बघा.