अर्ध्या घासाची आठवण

उंदीर मारायचे असतील तर आधी दोन-तीन दिवस त्यांना फुकट जेवू घाला, असा सल्ला ऐकला की परभणीकडच्या शेतकऱ्याला हसू येणारच. रानात 'परभणी मोती' ज्वारी दाण्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे लागलेले, बांधावर रोज ताज्या मातीचे ढीग. आणि वर या चोरांना भरड्याची पंगत, तीही तेल लावून! पण या पाहुणचारामागे उंदराच्या मेंदूचा जो हिशेब आहे, तो कळला की माणूस थक्क होतो.

औषध म्हणजे झिंक फॉस्फाईड. जस्त आणि फॉस्फरसचं संयुग, काळपट राखाडी पूड, लसणासारखा उग्र वास. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, रक्तात उतरतो आणि पेशींना ऊर्जा तयार करू देत नाही. हृदय, फुप्फुसं, यकृत, मेंदू, कुणाचीच सुटका नाही. (माणसाच्याही पोटात हेच घडतं आणि त्यावर उतारा नाही. म्हणून ही पूड उघड्या हाताने कालवायची नसते.)

एवढं जहाल विष, मग काम सोपं असायला हवं. ते अडतं उंदराच्या स्वभावापाशी. नव्या खाण्यावर उंदीर ताव मारत नाही. आधी चार दाणे कुरतडतो, थांबतो. झिंक फॉस्फाईडचा त्रास लवकर सुरू होतो, कधी कधी पाव तासातच. पुरतं विष पोटात जाण्याआधीच उंदराला मळमळतं आणि तो खाणं सोडतो. उलटी मात्र त्याला करता येत नाही, उंदराच्या शरीरात ती सोयच नाही. पोटात गेलेलं बाहेर काढता येत नाही म्हणूनच की काय, पुढच्या वेळी ते आत जाऊ न देण्याची तजवीज त्याच्या मेंदूत जबरदस्त आहे. अर्धवट विष खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाचा असा धसका घेतो की पुढे कित्येक आठवडे त्याला तोंड लावत नाही. बिनविषारी ठेवलं तरी नाही.

हे घडतं कसं? मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग आहे, जिथे रक्त आणि मेंदू यांच्यातला पहारा मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. तिथल्या पेशी रक्तातल्या विषाचा सुगावा घेतात. पोटाकडून येणारी मज्जातंतूंची खबरही तिथेच शेजारी पोचते. पुढे भीती सांभाळणारं आणि चवीची नोंद ठेवणारं अशी दोन केंद्रं मिळून निकाल लावतात: ही चव दोषी.

या निकालाने एकेकाळी मानसशास्त्रात खळबळ उडवली. अमेरिकेत जॉन गार्सिया किरणोत्साराचे परिणाम तपासत होते. १९५५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सॅकरिनचं गोड पाणी पिताना गॅमा किरणांनी आजारी पडलेले उंदीर पुढे गोड पाणीच टाळतात. १९६६ चा प्रयोग तर अफलातून होता. उंदीर गोड पाणी पिताना सोबत दिवा लागे, खटका वाजे. काहींना नंतर आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी गोड चव सोडली, पण दिवा-आवाजाला ते घाबरले नाहीत. झटका बसलेल्यांचं नेमकं उलट. म्हणजे पोटात दुखलं तर संशय खाल्लेल्यावर, कातडीला चटका बसला तर दिसल्या-ऐकल्यावर. ही वाटणी मेंदू जन्मतःच घेऊन येतो. शिवाय चव आणि दुखणं यांत तासाभराचं अंतर पडलं तरी दुवा जुळतो. शिकायला काही सेकंदांचंच अंतर चालतं, असं मानणाऱ्या त्या काळच्या विद्वानांना हे पटेना. पुढे अशा प्रयोगांत आजारी पाडायला लिथियम क्लोराईड सर्रास वापरलं जाऊ लागलं. झिंक फॉस्फाईडसारखं तेही धातूचंच संयुग. कहर म्हणजे चव घेतलेल्या उंदराला भूल देऊन, बेशुद्धीतच आजारी पाडलं, तरी जागा झाल्यावर तो ती चव टाळतो!

आपलाही मेंदू वेगळा नाही. एकादशीच्या भगरीने एकदा विषबाधा झालेल्याला विचारा. दोष बुरशीचा हे डॉक्टरांनी शंभरदा समजावलं, तरी ताटातली भगर पाहून पोट ढवळतंच.

आता ती फुकटची पंगत. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. त्यांत दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा टाकायचा. चव ओळखीची झाली की उंदीर बिनधास्त पोटभर खातो, आणि ओळखीच्या चवीवर मेंदू सहजासहजी आळही घेत नाही. मग त्याच भरड्यात शेकडा दोन भाग झिंक फॉस्फाईड.

'एक उंदीर मेला की बाकीचे शहाणे होतात,' असं गावोगाव म्हणतात. कॅनडात बेनेट गॅलेफ यांनी हेच तपासलं, तर उंदीर भलतेच निघाले. सोबत्याच्या तोंडाला ज्या खाण्याचा वास येतो, तेच खाणं दुसरा उंदीर पसंत करतो, सोबती आजारी दिसत असला तरी! धसका ज्याचा त्यालाच. अडचण आहे ती स्वतः चाखून वाचलेल्यांची. त्यांच्यासाठी दुसऱ्या फेरीला झिंक फॉस्फाईड कामाचं नाही. तिथे ब्रोमॅडिओलोन लागतं. ते रक्त गोठू देत नाही, पण काही दिवसांनी. तासाभरापूर्वीचा घास आठवणाऱ्या मेंदूला चार दिवसांपूर्वीचा आठवत नाही.