कार्ड आहे, पण यादीत नाव नाही

मतदानाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत गेलं, की मतदान केंद्राबाहेर हा प्रसंग हमखास दिसतो. एक बाई प्लास्टिकच्या पिशवीतून मतदान कार्ड काढतात. टेबलावरचा कार्यकर्ता यादीची पानं उलटतो, पुरवणी यादीवरून बोट फिरवतो आणि मान हलवतो. नाव नाही. बाईंचा मुलगा मोबाइल पुढे करतो. ‘आधार दाखवा आणि चॅलेंज व्होट मागा, तो तुमचा हक्क आहे,’ असा मेसेज त्यावर असतो. दोघं आत जातात, केंद्राध्यक्ष नकार देतात, आवाज चढतात आणि बाई मत न देताच घरी परततात.

वाईट वाटतं, पण केंद्राध्यक्षांचं बरोबर असतं. कार्डानं फक्त ओळख पटते, मताचा हक्क यादीतल्या नावानं मिळतो. नाव यादीत असेल आणि कार्ड घरी राहिलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, रोजगार हमीचं जॉब कार्ड असा निवडणूक आयोगानं मान्य केलेला कोणताही पुरावा चालतो. नावच नसेल तर त्या दिवशी काहीच करता येत नाही. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली, की यादीत नवं नाव चढत नाही. २०२४ च्या विधानसभेला ती तारीख २९ ऑक्टोबर होती आणि मतदान झालं २० नोव्हेंबरला. शाळेतलं भांडण तीन आठवडे उशिरा सुरू झालेलं असतं.

मग चॅलेंज व्होट म्हणजे काय? ती सोय मतदाराची नाहीच. समोर आलेला माणूस यादीतला तो मतदार नव्हेच, असा संशय उमेदवाराच्या प्रतिनिधीला आला, तर तो दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. हो, आजही दोनच रुपये. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप टिकला नाही तर मतदार मत देतो, तोतया निघाला तर त्याला पोलिसांच्या हवाली केलं जातं.

मतदाराच्या कामाचा आहे तो टेंडर व्होट, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर मुकाट्यानं परत फिरायचं कारण नाही. केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरं दिली, की छापील मतपत्रिका मिळते. त्या वेळी मतयंत्र वापरता येत नाही. शिक्का मारलेली मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत ती धरत नाहीत, निकालाविरुद्ध कुणी न्यायालयात गेलं तर ती उपयोगी पडू शकते. ‘अशी मतं चौदा टक्क्यांच्या वर गेली की फेरमतदान होतं’ हेही मोबाइलवरच्या त्याच मेसेजमध्ये असतं. असा नियम कुठेही नाही.

‘नोटा’ला, म्हणजे ‘यापैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, सर्वांत जास्त मतं पडली तर पुन्हा निवडणूक होते, हा गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ च्या विधानसभेला विजयी धीरज देशमुखांना १,३५,००६ मतं पडली आणि दुसऱ्या क्रमांकावर चक्क नोटा होता, २७,५०० मतांचा. समजा तो पहिला आला असता, तरी उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं तोच आमदार झाला असता. गोंधळ होण्याचं कारण असं, की राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी, नोटा पहिला आला तर पुन्हा निवडणूक, असं ठरवलं. विधानसभा राज्य आयोगाच्या हाती नाही, ती भारत निवडणूक आयोग घेतो.

हीच सरमिसळ राखीव जागांबाबत होते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकांच्या सोडती पाहून लोक विचारतात, ‘आमचा विधानसभा मतदारसंघ या वेळी खुला होणार का?’ विधानसभेला सोडत नसते. राज्यात २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी आहेत, आणि मतदारसंघांची पुढची पुनर्रचना होईपर्यंत त्या तशाच राहतात. अनुसूचित जातींच्या जागा राज्यभर विखुरलेल्या असाव्यात असा कायद्याचा दंडक आहे. जमातींच्या जागा मात्र जिथे त्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण सर्वांत जास्त, तिथे. म्हणून नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा राखीव दिसतात.

आणि ‘राखीव मतदारसंघात फक्त त्याच समाजाचे लोक मत देतात’ ही समजूत तर इतिहासच उलटा करते. तसे स्वतंत्र मतदारसंघ १९३२ च्या ब्रिटिश निवाड्यानं देऊ केले होते. त्याविरोधात येरवडा तुरुंगात गांधीजींचं उपोषण सुरू असताना २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ वर गेल्या. डॉ. आंबेडकरांना या तडजोडीची मोठी किंमत जाणवत राहिली. सर्वांच्या मतांवर निवडून येणारा प्रतिनिधी आपल्या माणसांचा आवाज कितपत राहील, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो आजही जिवंत आहे. राखीव असते ती उमेदवारी. मत सगळ्यांचं असतं.

आमदार निधीविषयी थोडक्यात. वर्षाला पाच कोटी रुपये आमदाराच्या खात्यात जमा होत नाहीत. आमदार कामं सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. फलकावर नाव कितीही मोठं असलं तरी पैसा राज्याच्या तिजोरीतला असतो.

मतदारसंघांच्या सीमा कशा आखल्या जातात, याची चर्चा सर्वांत कमी होते. सरकार आपल्या सोयीनं मतदारसंघ कापतं, असं सर्रास बोललं जातं. प्रत्यक्षात आताच्या सीमा न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगानं २००१ च्या लोकसंख्येवरून आखल्या. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य होते, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. २००९ ला पहिली निवडणूक या नकाशावर झाली, तेव्हा कोकणातल्या माणसाला फरक लगेच जाणवला. सिंधुदुर्गाचे चार आमदार तीन झाले, मालवण आणि वेंगुर्ला ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली. तिकडे ठाणे जिल्हा तेरावरून चोवीसवर गेला. गावाकडून मुंबई-ठाण्याला गेलेल्या माणसांबरोबर आमदारही गेले, असंच म्हणायचं.

हा नकाशाही आता जुना झाला आहे. २०२४ ला चिंचवडमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मतदार होते, तर मुंबईच्या वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. दोन्हीकडे आमदार एकच. चिंचवडच्या माणसाचं मत सभागृहात पोचेपर्यंत वडाळ्याच्या मताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं उरतं, आणि हे अन्यायाचं आहे. एकूण जागांचा आकडा तर आणखी जुना. २८८ ही संख्या १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली आहे, तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. २०२४ ला नुसते मतदारच साडेनऊ कोटींच्या वर होते. हा आकडा १९७६ च्या घटनादुरुस्तीनं गोठवला आणि २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तसाच ठेवला. महिलांच्या एकतृतीयांश जागांचा २०२३ चा कायदाही पुढच्या पुनर्रचनेलाच जोडलेला आहे, त्यामुळे २०२४ च्या निवडणुकीत त्यातली एकही जागा राखीव नव्हती. ज्या जनगणनेवर हे सगळं अडलं आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे.