विंचेस्टरचा पाणबुड्या

इंग्लंडच्या दक्षिण भागात विंचेस्टर हे एक प्राचीन नगर आहे. तेथील कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे आसन असलेले मुख्य प्रार्थनामंदिर, पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात. बिशप वॉकेलिन यांनी १०७९ साली त्याच्या बांधकामास प्रारंभ केला.

पश्चिमद्वारातून आत पाऊल टाकताच सुमारे १७० मीटर लांबीची ती वास्तू समोर पसरलेली दिसते. मागे वळून पाहावे, तर द्वारावरील भव्य खिडकीत रंगीत काचांचे असंख्य तुकडे जडविलेले आढळतात. परंतु त्यांतून कोणतेही चित्र साकारत नाही. १६४२ साली यादवी युद्धाच्या वेळी पार्लमेंटच्या सैनिकांनी मूळ चित्रे फोडून टाकली. पुढे ते तुकडे वेचून, हाती आले तसे बसविण्यात आले. उत्तरेच्या बाजूस जेन ऑस्टिन या विख्यात कादंबरीकर्त्रीची समाधी आहे. १८१७ साली तिचे निधन झाले. समाधिशिलेवर तिच्या सद्गुणांची प्रशंसा आहे. पण तिने कादंबऱ्या लिहिल्या, याचा मात्र चकार उल्लेख नाही!

पूर्वेच्या टोकाशी आले म्हणजे तेथील भिंती व कमानी कललेल्या दिसतात आणि प्रवासी थबकतो. मंदिराचा हा भाग तेराव्या शतकाच्या आरंभी वाढविण्यात आला. नदीकाठची ही भूमी पाणथळ असून तिच्या पोटात कुजलेल्या वनस्पतींचा मऊ थर आहे. बांधणाऱ्यांनी बीच वृक्षाचे ओंडके आडवे अंथरले आणि त्यांवर भिंती उभारल्या. शतकानुशतके त्या भाराखाली जमीन दबत गेली. तळघरात तर आजही हिवाळ्यात पाणी चढते.

१९०५ साली भिंतींना भयंकर भेगा पडल्या व दगड निखळू लागले. वास्तुविशारद थॉमस जॅक्सन यांनी भिंतींखाली खड्डे खणविले, तोच ते पाण्याने भरून आले. पाणी उपसावे, तर त्याबरोबर माती वाहून जाऊन मंदिरच कोसळण्याची भीती! तेव्हा अभियंता फ्रान्सिस फॉक्स यांनी एक निराळाच उपाय सुचविला. पाणी राहू द्यावे आणि पाणबुड्यालाच खाली उतरवावे!

त्या कामासाठी विल्यम वॉकर आले. १९०६ पासून पुढे पाच वर्षांहून अधिक काळ ते दररोज त्या खड्ड्यांत उतरत. पाणी सहा मीटरपर्यंत खोल आणि गढूळ इतके, की दिव्याचाही उपयोग होत नसे. केवळ हातांनी चाचपडत ते तळाचा मऊ थर काढीत आणि वरून सोडलेल्या काँक्रीटच्या पिशव्या घट्ट रचून तळ बंद करीत. मग पाणी निर्धोकपणे उपसता येई व गवंडी वरचे काम पुरे करीत. वॉकर यांचा पोशाख सुमारे ९० किलोग्रॅम वजनाचा होता. तो काढण्याघालण्यात फार वेळ जाई, म्हणून भोजनाच्या सुट्टीत ते केवळ शिरस्त्राण उतरवीत. आठवड्याच्या अखेरीस हाच मनुष्य सायकलवरून दूर क्रॉयडन येथे आपल्या कुटुंबाकडे जात असे!

या कामी २५,००० हून अधिक पिशव्या, सुमारे १,१५,००० काँक्रीटचे ठोकळे व ९,००,००० विटा लागल्या. १५ जुलै १९१२ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांच्या उपस्थितीत आभारप्रार्थना झाली. तो दिवस संत स्विदन यांचा होता. त्या दिवशी पाऊस पडला तर तो चाळीस दिवस पडत राहतो, अशी इंग्लंडात लोकसमजूत आहे. पाण्याशी झुंजलेल्या मंदिराला हा दिवस शोभणाराच म्हणावा लागेल. पुढे १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत वॉकर मरण पावले.

१९६४ साली मंदिरात त्यांची एक लहान मूर्ती बसविण्यात आली. पण घडले विपरीतच. मूर्तिकाराने समूहचित्रातील भलताच चेहरा घेतला आणि पाणबुड्याच्या पोशाखात अभियंता फॉक्स उभे राहिले! ही चूक सुधारण्यास बराच काळ लागला. अखेर २००१ साली खऱ्या वॉकर यांची मूर्ती तेथे आली.